मधला तिसरा हिस्सा

पहाटे ५:४०

पाण्याची वेळ. पिंप भरेपर्यंत ओट्यावर वही उघडून बसायचं ही माझी जुनी सवय. कल्याण-डोंबिवलीला जाणारं पाणी आमच्या मोहने-मोहिली पट्ट्यातच उल्हास नदीतून उचललं जातं, त्यामुळे पंपांचा आवाज इथे कुणाच्या झोपेत येत नाही. तो थांबला तरच जाग येते.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. पोट भरतं इमारतींवर, पण गेली काही वर्षं स्मारकांची कामंही येतात: चौथरे, स्तंभ, अर्धपुतळ्यांचे पाये, नावं कोरलेल्या शिळा. सध्या हातात आहे ती मुरबाड रस्त्यावरच्या एका गावची शिळा. काळा ग्रॅनाइट, उंची बारा फूट, रुंदी पाच, जाडी एक फूट. त्यावर चौदा नावं. गाव कोणतं आणि नावं कोणाची, हे समितीनेच अजून जाहीर केलेलं नाही, तेव्हा मीही सांगत नाही. स्मृतिदिन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, एवढं कळलं तरी पुढचं समजेल.

रात्री समितीच्या अध्यक्षांनी एक व्हिडिओ पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, आपलंही असंच पायजे.’ अमेरिकेत अॅरिझोनातल्या अँथेम गावातलं माजी सैनिकांचं स्मारक, २०११ साली बांधलेलं. एकामागे एक पाच पांढरे स्तंभ, सतरा फुटांपासून सहा फुटांपर्यंत उतरत गेलेले, प्रत्येकात एक तिरपं भोक. दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी ऊन त्या पाचही भोकांतून जातं आणि जमिनीवरच्या राजमुद्रेवर उजेडाचा नेमका गोल पडतो. तिरपा येणारा गोल किरण उभ्या भिंतीतून काढायचा तर भोक लंबवर्तुळ काढावं लागतं, तेही प्रत्येक स्तंभात वेगळ्या उंचीवर. काम अप्रतिम आहे, त्यात वाद नाही.

आता आपलं आकाश बघू. मोहने काय, मुरबाड रस्ता काय, अक्षांश सव्वाएकोणीसच्या आसपास. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो डोक्यापासून साडेतीन-चार अंशच दक्षिणेला ढळलेला असतो. समितीला वेळ हवी आहे माध्यान्हीची. एक फूट जाडीच्या शिळेतून तो किरण आरपार न्यायचा, तर तेवढ्यात त्याला चौदा ते सोळा फूट खाली उतरावं लागेल. शिळाच बारा फुटांची!

आणि हे सगळं ढग नसतील तर. अॅरिझोना वाळवंट आहे. ऑगस्टमधल्या ठाणे जिल्ह्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

पिंप भरलं.

७:०५

आंबिवलीहून कल्याण. कसाऱ्याहून भरून आलेली गाडी, दोनच स्टेशनं, पण अंगठ्यावर उभं राहून. शहाडला गाडी वळण घेते तेव्हा अख्खा डबा एका बाजूला रेलतो आणि ज्यांनी पाय फाकवून रोवलेत तेच तेवढे जागच्या जागी राहतात. नवीन मुलांना पायाचं डिझाइन शिकवायचं झालं की मी त्यांना ही गाडी घ्यायला सांगते.

८:४५

कल्याण पश्चिमेला माझं ऑफिस. दोन टेबलं, एक प्लॉटर, आणि सासऱ्यांचा स्लाइड रूल काचेखाली. ते एनआरसीच्या, म्हणजे नॅशनल रेयॉनच्या, ड्रॉइंग ऑफिसात होते. कंपनी २००९ साली बंद पडली, स्लाइड रूल अजून बिनचूक आहे. कॅल्क्युलेटर आठ आकडे दाखवतो, त्यातल्या तिसऱ्यापुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, हे बाबांनी लग्नानंतर मला दिलेलं एकमेव व्यावसायिक ज्ञान.

सकाळचं काम वाऱ्याचं. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक समिती आधी वाऱ्याचं विचारते, मग खर्चाचं. पूर्वी उलटं होतं.

लोकांना वाटतं, साडेचार टनांची शिळा, तिला वारा काय करणार? म्हणून हा हिशेब मी मुद्दाम सगळ्यांसमोर मांडते. आपल्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग धरलाय सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं. भूप्रदेशाचे वगैरे गुणक इथे एक धरू. उत्तर येतं दर चौरस मीटरला जवळजवळ ११६० न्यूटन. वर्ग आहे हे विसरायचं नाही: वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिळेचं तोंड ३.६ मीटर बाय दीड मीटर, क्षेत्रफळ ५.४ चौरस मीटर, सपाट पाटीला आणखी १.३ चा गुणक. एकूण ढकलणारा जोर साधारण ८३० किलो, आणि तो लागतो शिळेच्या मध्यावर, १.८ मीटर उंचीवर. उलथवणारं परिबल झालं दीड टन-मीटर.

आता शिळा काय परत करते ते बघा. वजन ४.४ टन, पण ती उलथणार बुडाच्या कडेवर, आणि कडेपासून तिचा मध्य केवळ १५ सेंटिमीटर. गुणाकार ०.६६ टन-मीटर. निम्माही नाही. नुसती उभी करून ठेवली तर मोठ्या वादळात ती आडवी होणार, साडेचार टन असली तरी! वजनाने काही होत नाही, वजन कडेपासून किती लांब आहे त्यावर सगळं आहे.

म्हणून पाया. वाऱ्याच्या दिशेने दीड मीटर रुंद, २.१ मीटर लांब, अर्धा मीटर जाड काँक्रीटचा ठोकळा, ३.८ टनांचा. शिळेच्या बुडातून स्टेनलेस स्टीलच्या सळया त्यात उतरवायच्या, म्हणजे दोघांचं मिळून एकच अंग होईल. एकूण वजन ८.२ टन, पायाच्या तळाशी परिबल १.९ टन-मीटर. भागाकार केला की कळतं, वारा लागल्यावर सगळा भार मध्यापासून किती सरकतो: २३ सेंटिमीटर. हा भार पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात राहिला पाहिजे, तर एका बाजूने पाया मातीवरून उचलला जात नाही. दीड मीटरचा मधला तिसरा हिस्सा म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे २५. आपण २३ वर. बसलं.

कागदावर हिरवी खूण केली आणि चहा सांगितला.

१०:३०

पुतळ्याच्या कारखान्यात दुसरं काम, एका शाळेसाठी अर्धपुतळा. मातीचं दोन फुटी मॉडेल मंजूर झालंय, आता ते सहा फुटी करायचं. शिल्पकार दादांच्या हातात भलामोठा प्रमाणकंपास: दोन टोकांना दोन वेगळ्या लांबीची तोंडं, मध्ये स्क्रू. लहान तोंडाने मॉडेलच्या नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंतचं अंतर धरायचं, मोठं तोंड आपोआप तिप्पट उघडतं. असे शेकडो बिंदू. एकही डोळ्याने नाही.

‘मॅडम, तिप्पटच करायचंय ना, मग सळई पण तिप्पट घेऊ का?’ नवीन पोरगा विचारत होता.

लांबी तिप्पट, पृष्ठभाग नऊपट, आणि भरीव असेल तर वजन सत्तावीसपट. आतल्या सांगाड्याची सळई तिप्पट जाड केली तर तिचा छेद नऊपटच वाढतो. सत्तावीसपट वजन नऊपट सळईवर! मॉडेलमध्ये जे उभं राहतं ते मोठ्यात राहीलच असं नाही. हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हाडांचं चित्र काढून दाखवलंय, राक्षसाला माणसाच्याच प्रमाणातली हाडं दिली तर तो स्वतःच्या भाराने मोडेल म्हणून. माद्रिदमध्ये चौथ्या फिलिप राजाचा एक पुतळा आहे, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. त्याच्या वजनाचा हिशेब शिल्पकाराने गॅलिलिओला विचारला होता असं सांगतात: पुढचं अंग पोकळ, मागचं भरीव. दादांना ही गोष्ट फार आवडते. ते तिला घोड्याची गोष्ट म्हणतात, मी भागाकाराची.

दादांच्या कारखान्यात भाऊ साठेंचा फोटो आहे. कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही शिल्पकाराकडे असतो. गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा १९६१ चा पुतळा त्यांचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं त्यांचं शिल्पालय मी दर नव्या ड्राफ्ट्समनला दाखवते, आणि पुतळ्यांकडे न बघता आधी ते टेकलेत कुठे ते बघायला सांगते. पोरं हिरमुसतात.

दुपारी १२:३२

साइट. गावाबाहेर शाळेशेजारचं मैदान, चुन्याने आखलेला चौकोन, आणि मध्ये माझी एक मीटरची काठी ओळंब्याने उभी केलेली. समितीचे सातआठ जण आणि शाळेची पोरं भोवती.

किरण जमणार नाही हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, सावलीच दाखवावी लागते. शिवाय शिळेचं तोंड दक्षिणोत्तर ठेवायचं तर खरी उत्तर हवी. मोबाइलचं होकायंत्र शेजारी सळयांचा ढीग असला की काहीही सांगतं. काठीची सर्वांत आखूड सावली मात्र बरोबर उत्तरेला पडते.

‘बारा वाजून गेले की मॅडम,’ एक काका म्हणाले.

घड्याळात गेले. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, आपण उभे त्र्याहत्तरच्या थोडं पुढे. प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला मध्यान्ह सदतीसएक मिनिटं उशिरा. डिसेंबरच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा पाचएक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की १२:३२. हे ऐकून गावातले सगळ्यांत जुने आजोबा हसले. पूर्वी मुंबईचा टाइमच वेगळा असायचा, म्हणाले. खरंच होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला.

घड्याळाशी स्मारक बांधलं की काय होतं ते मेलबर्नला दिसतं. तिथल्या १९३४ च्या युद्धस्मारकात ११ नोव्हेंबरला सकाळी अकराला छतातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप एका कोरलेल्या शब्दावर यावी अशी रचना होती. पुढे सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचं ठरवलं आणि तिरीप चुकली. शेवटी आरसा बसवून वेळ जुळवावी लागली. अँथेमवाले सुटले, कारण अॅरिझोनात घड्याळ पुढेमागे करतच नाहीत.

सावली आली ९२ सेंटिमीटर, कागदावर तेवढीच होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या गुरुजींनी लगेच लीलावती काढली: भास्कराचार्यांच्या त्या पुस्तकात शंकूच्या सावलीचा अख्खा प्रकरणभर हिशेब आहे, बारा अंगुळांच्या शंकूचा. गुरुजी चाळीसगावकडचे, त्यामुळे पाटण्याचा शिलालेखही ओघाने आला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला देणगी मिळाल्याचा १२०७ च्या सुमाराचा तो लेख. माझ्या मते महाराष्ट्रातलं गणितज्ञाचं पहिलं स्मारक तेच, आणि त्यात पुतळा नाही.

‘मग ऑगस्टात सावली केवढी?’ अध्यक्षांनी विचारलं. बारा फुटी शिळेची नऊ-दहा इंच. त्यांनी शिळेच्या जागेकडे आणि वर बघितलं, आणि व्हिडिओचा विषय संपला. वर आजोबांनी जोड दिली, ‘सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले ते दोन जानेवारीला पहाटे. लोक अजून अंधारात चढून जातात. तिथं कुठला सूर्य?’

२:१०

शाळेच्या व्हरांड्यात जेवण, भाकरी आणि वालाची भाजी, मग बैठक. बैठकीतलं गणित सगळ्यांत अवघड.

पहिली मागणी आकड्यांची. चौदा जण म्हणून चौदा पायऱ्या, चौदा कमळं, चौदा फूट उंची. मला हा प्रकार आवडत नाही, आणि मी तसं सांगतेही. सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर का, तर गुजरात विधानसभेच्या जागा १८२ म्हणून. उद्या जागा वाढल्या की? आपल्याकडचं बघा, संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आधी १०५ म्हणायचे, मग १०६ झाले, आता १०७ ही म्हणतात. कुणी तेव्हा १०५ पायऱ्या बांधल्या असत्या तर एकशेसहाव्या माणसाला बसायला पायरी नसती. आकडा दगडात घालायचा नाही, दगडात नाव घालायचं, आणि खाली जागा मोकळी ठेवायची. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण पंधराव्या नावाबद्दल गावात दोन मतं आहेत हे मला नंतर कळलं.

दुसरं, नावांचा क्रम. चौदा नावं एकाखाली एक लावायचे मार्ग किती? ८,७१७ कोटींच्या वर. त्यातला प्रत्येक मार्ग कुणा ना कुणाला मान्य नव्हता. वयाने लावा, वर्णक्रमाने लावा, आडनावांनी लावा. आडनावं म्हटल्यावर दोन आळ्या समोरासमोर आल्या. मी वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाबद्दल सांगितलं. सव्वाशे अंशांच्या कोनात भेटणाऱ्या दोन काळ्या भिंती, नावं मृत्यूच्या तारखेने, सुरुवात कोपऱ्यात आणि शेवटही त्याच कोपऱ्यात, म्हणजे पहिला आणि शेवटचा शेजारी. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबरच्या स्मारकात तर नातेवाइकांनाच विचारलं, तुमच्या माणसाशेजारी कोण हवं? बाराशेच्या आसपास विनंत्या आल्या, आणि तीन हजारांजवळ नावं त्या सगळ्या सांभाळून बसवायला संगणकाचा प्रोग्रॅम लिहावा लागला, उरलेलं हाताने.

‘आमच्याकडं बाराशे नाहीत,’ मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या. ‘माझा भाऊ आणि त्याचा मैतर जवळजवळ लिवा. बाकीचं तुमी बघा.’

तिथून गाडी पुढे सरकली. कोणाशेजारी कोण, एवढंच प्रत्येकाला विचारायचं ठरलं. सहा जोड्या निघाल्या. दोन एकमेकींत अडकल्या होत्या, त्या तिघांच्या केल्या. वरखालीचं भांडण तेवढ्याने मिटलं नाही, पण निम्मं झालं.

अक्षरांचा आकारही त्याच आजींना समोर उभं करून ठरवला. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन लागतो, तीन मीटरवरून ४.४ मिलिमीटर. हा झाला दवाखान्यातला सुटा इंग्रजी ठसा. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि वाचणाऱ्याला मोतीबिंदू. मी ४० मिलिमीटर धरते. सगळ्यांत वरची ओळ आजींच्या डोळ्यांच्या थोडी वर, खालची त्यांच्या कमरेशी. का, तर लोक नावं वाचत नाहीत, हात लावतात.

४:१५

मिस्त्रींबरोबर पाण्याचा उतार. ऑगस्टात इथे काय असणार तर पाऊस, मग त्याचंच डिझाइन करायचं. शिळेभोवती पन्नास चौरस मीटर फरशी, तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासाला अडीच हजार लिटर पाणी. त्याला पन्नासात एक उतार देऊन शिळेच्या पायाशी चर काढला, तर स्मृतिदिनाला माणसं उभी राहतील तिथून पाणी नावांखालून वाहत शेताकडे जाईल. झरोका नाही, चर. अध्यक्षांना कल्पना पसंत पडली, फक्त व्हिडिओ कसा काढायचा याची काळजी लागली. मिस्त्रींची काळजी वेगळी होती: ‘मॅडम, चर पायाला लागून नको, माती ओली राहते.’ बरोबर होतं त्यांचं. एक मीटर लांब घेतला.

६:५०

परतीची गाडी, मग आंबिवलीहून शेअर रिक्षा. घरी वरण-भात, मुलाचा त्रैराशिकाचा गृहपाठ. बाबांनी पायाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून बघितला आणि विचारलं, ‘माती कसली?’ मुरूम म्हटल्यावर मान डोलावली.

रात्री ९:२०

ग्रॅनाइटवाल्याचा फोन. ‘ताई, बारा इंची एकसंध ब्लॉक मिळत नाहीये. दहा इंची आहे, डाग नाही, चीर नाही. हायड्रा क्रेनला पण हलका. दोन इंचांनी काय फरक पडतो?’

वही काढली. जाडी ३० ऐवजी २५ सेंटिमीटर. शिळा ४.४ टनांवरून ३.६ वर. पायासकट ७.४. वारा तोच, त्याला जाडीशी देणंघेणं नाही. १.९ भागिले ७.४. पंचवीसच्या पलीकडे, जवळजवळ २६. मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या एक सेंटिमीटर बाहेर.

पडणार नाही ती, एवढ्याने पडत नाही. पण मोठ्या वादळात पायाची एक कड मातीवरून सुटेल, तिथे पाणी शिरेल, पुढच्या वादळात आणखी. मग पाया दीडचा एक मीटर साठ केला: काँक्रीट पाव टन वाढलं, भार २५ च्या आत आला आणि मर्यादा गेली साडेसव्वीसच्या पुढे. दोन इंच ग्रॅनाइटच्या किमतीपुढे दहा सेंटिमीटर काँक्रीट काहीच नाही.

ग्रॅनाइटवाल्याला दहा इंची उचलायला सांगितलं, मात्र बुडातल्या सळया लांब घ्याव्या लागतील म्हटलं. मग मिस्त्रींना मेसेज: उद्या खणायच्या आधी चुन्याच्या रेघा दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर बाहेर घ्या. लांबीला हात लावू नका.

त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘चुना संपला, पीठ चालंल का?’